मदत हवी आहे: वैनगंगेचा काठ खचतोय, काय करता येईल?

नमस्कार मंडळी. आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या अगदी काठावर. २०२०च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर काठ दर पावसाळ्यात आत सरकतोय. धानाच्या बांध्या गेल्या, आता नदी शेवटच्या घरांजवळ आली आहे.

पूर चढतो तेव्हा काठ बराचसा टिकतो. धरणाचे दरवाजे बंद झाले की पाणी झपाट्यानं उतरतं, आणि पाणी पिऊन जड झालेल्या मातीला समोरून आधार उरत नाही. मग मोठमोठे ढेपसे कोसळतात. काठालगत रेतीचा उपसा झाल्यानं पायथाही पोकळ झालाय. माझ्या मते खरं दुखणं तेच आहे, नुसती वर भिंत बांधून भागणार नाही.

कोकणातल्या सदस्यांना विशेष विनंती. तुमच्याकडे समुद्र किनारा खातोय, तिथे दगडांचे बंधारे किंवा जाळीतले दगड किती टिकले? पायथ्याशी काय घातलं? वाळा आणि बांबू लावून कुणाचा काठ सावरला आहे का?

दुसरं, नदीचा प्रवाह बदलून जमीन वाहून गेल्यास अल्प आणि अत्यल्पभूधारकांना आपत्ती निधीच्या निकषांत मदत आहे. पण पंचनाम्यात ‘पीक नुकसान’ एवढंच लिहिलं जातं. सातबाऱ्यावर जमीन आहे, जागेवर नदी आहे. पुन्हा मोजणीचा अर्ज कुणी केलाय का? त्याचा नमुना असेल तर कृपया टाका. पावसाळ्याआधी ग्रामसभेत ठराव घ्यायचा आहे.