2021 ची स्विफ्ट आणि तीन ऑइल फिल्टर: नेमका कुठला घ्यायचा?

कृष्णाकाठ (कराड)

नमस्कार मंडळी. गाडी मारुती स्विफ्ट, पेट्रोल, व्हीएक्सआय. आरसीवर उत्पादनाचा महिना 01/2021 आहे, पासिंग मार्चमधलं. वॉरंटी संपली आहे, म्हणून यंदापासून ऑइल आणि फिल्टर मी स्वतः आणून ओळखीच्या गॅरेजमध्ये बदलून घ्यायचं ठरवलंय. मिस्त्री चांगला आहे, हात स्वच्छ आहे, पण तो म्हणतो, "सामान तुम्ही आणा, मी बसवून देतो."

अडचण सामानाचीच आहे. एका ऑनलाइन दुकानावर "स्विफ्ट 2018 पासून पुढे" एवढं निवडलं तर दोन वेगळे फिल्टर दाखवतात. एक उंचीला जास्त, दुसऱ्याची रबर रिंग वेगळ्या मापाची. दोन्हीखाली हिरवी खूण, "तुमच्या गाडीला बसतो". गावातल्या दुकानात गेलो तर त्यांनी तिसराच डबा हातात ठेवला आणि म्हणाले, सगळ्या मारुतीला हाच चालतो.

वडिलांना दर महिन्याला तपासणीसाठी कोल्हापूरला न्यावं लागतं, हायवेचा प्रवास आहे. दोन-तीनशे रुपयांच्या वस्तूपायी इंजिनाशी खेळ नको. जाणकारांनी सांगावं: गाडीचं नाव आणि वर्ष माहीत असूनही फिल्टर का ठरत नाही? आणि तो ठरवायचा तरी कसा?

पाना_बावीस (नाशिक)

एवढं टेन्शन घेऊ नका. जुना फिल्टर काढून दुकानात न्या, आटे जुळले आणि रबर रिंग त्याच गोलाईची असली की घ्या. उंचीने काही बिघडत नाही, उलट मोठ्या डब्यात कागद जास्त असतो. मी माझ्या गाडीला कायम असंच करतो, कधी त्रास नाही.

पार्टवाली (इचलकरंजी)

कृष्णाकाठ दादा, आमचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता दीर आणि मी बघतो. काउंटरला मी असते. तुमच्यासारखं गिऱ्हाईक रोज येतं, आणि "स्विफ्टचा फिल्टर द्या" म्हटलं की मी पहिल्यांदा त्यांच्याकडून आरसी मागते. काही जण वैतागतात, पण त्याशिवाय मी डबा काउंटरवर ठेवत नाही.

कारण असं आहे बघा. फिल्टर गाडीचा नसतो, इंजिनाचा असतो. आणि स्विफ्ट या एका नावाखाली 2018 पासून किती इंजिनं आली ते मोजा. 2018 च्या मॉडेलला पेट्रोलमध्ये के12एम होतं आणि डिझेलमध्ये 1.3 लिटरचं डीडीआयएस. डिझेल 2020 साली बीएस6 हे प्रदूषणाचे नवे नियम आल्यावर बंद झालं. फेब्रुवारी 2021 मध्ये गाडीचा चेहरा थोडा बदलला आणि आत के12एन, म्हणजे ड्युअलजेट आलं. मे 2024 मध्ये नवी स्विफ्ट आली ती झेड12ई घेऊन, त्याला तर सिलेंडरच तीन. आता "2018 पासून पुढे" एवढ्या चौकटीत हे सगळं कोंबलं तर बिचाऱ्या गिऱ्हाइकाने काय करायचं? त्यातल्या डिझेलला तर बाहेरून फिरवून लावायचा डबाच नसतो, झाकणाच्या आत कागदी फिल्टर बसतो.

तुमची गाडी नेमकी सांध्यावरची आहे. जानेवारी 2021 चं उत्पादन म्हणजे ती जुन्या इंजिनाची शेवटची असेल किंवा नव्याची पहिली. वर्ष सांगून ते कळणारच नाही. आरसीवर चेसिस नंबराशेजारी इंजिन नंबर असतो तो बघा. मारुतीच्या पेट्रोल गाड्यांत त्या नंबराच्या सुरुवातीलाच इंजिनाचं नाव असतं, के12एम किंवा के12एन. आरसी हाताशी नसेल तर एमपरिवहन ॲपवर बघा. आणखी एक खूण सांगते: सिग्नलला थांबून गाडी न्यूट्रल केली, क्लच सोडला आणि इंजिन आपोआप बंद पडलं, क्लच दाबल्यावर परत चालू झालं, तर ते के12एन. ही सोय फेब्रुवारी 2021 च्या बदलाबरोबर आली.

इंजिन कळलं की चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या पार्ट काउंटरला जा किंवा फोन करा. सतरा अक्षरांचा पूर्ण नंबर द्या. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात, त्यामुळे गोल दिसलं की शून्यच समजा. नंबर घालताना इथेच बरेच जण अडकतात. काउंटरवाला त्या नंबरावरून पार्ट नंबर काढून देईल. मारुतीच्या ऑइल फिल्टरचा नंबर 16510 ने सुरू होतो, त्यापुढचे आकडे आणि अक्षरं तुमच्या इंजिनाची. तो पूर्ण लिहून घ्या, शेवटच्या अक्षरासकट. मग फिल्टर कुठूनही घ्या. बॉश, माले, मान या कंपन्यांच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये तो मूळ नंबर टाकला की त्यांचा जोडीचा नंबर मिळतो. गाडीचं नाव टाकून शोधण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं.

पाना_बावीस दादा, तुमच्या मताशी मी सहमत नाही आणि का नाही ते नीट सांगते. वाचणारे आणखी लोक आहेत म्हणून.

आधी आटे. बाजारात डबा फिल्टरचे दोन आटे सगळ्यात जास्त चालतात. एक एम20 बाय 1.5, सुझुकी, ह्युंदाई, होंडा यांच्या इंजिनांना. दुसरा पाऊण इंची, इंचाला सोळा आटे, टोयोटा आणि फोक्सवॅगनच्या बऱ्याच इंजिनांना. पहिला 20 मिमी, दुसरा 19.05 मिमी. आट्यांमधलं अंतर एकात 1.5, दुसऱ्यात जेमतेम 1.59. डोळ्यांना दोन्ही सारखेच. फिल्टर ज्यावर फिरवून बसवतात त्या इंजिनावरच्या खुंटीला आटे पाऊण इंची असले तरी एम20 चा फिल्टर तिच्यावर फिरतो, रबर टेकतं, हाताला आवळल्यासारखंही वाटतं. पण आटे पकडलेले नसतात. तेलाचा दाब वाढला की तो निसटतो आणि चेंबरमधलं तेल रस्त्यावर. तेलाशिवाय इंजिन जाम व्हायला फार वेळ लागत नाही. त्यामुळे "फिरला म्हणजे बसला" हे मला मान्य नाही.

यात आपल्याकडे एक खास गोंधळ आहे. टोयोटा ग्लान्झा म्हणजे बलेनोच, इंजिन सुझुकीचं. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, टोयोटाचा ऑइल फिल्टर द्या. दुकानदाराने खरंच टोयोटाच्या इंजिनाचा पाऊण इंची दिला तर तो खुंटीवर चढतच नाही, आणि मिस्त्रीने जोर केला तर आटे गेले. बोनेटवरचा लोगो बघून फिल्टर देऊ नये तो यासाठी.

आता आटे आणि रिंग दोन्ही जुळले असं धरू. तरी काम संपत नाही, कारण डब्याच्या आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. आत एक बायपास व्हॉल्व्ह असतो. कागद चोंदला किंवा पहाटेच्या थंडीत तेल घट्ट असलं की तो उघडतो आणि न गाळलेलं का होईना, पण तेल इंजिनाला मिळतं. तो किती दाबाला उघडायचा हे इंजिन बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. स्प्रिंग हलकी असली तर रोजच्या चालवण्यातच उघडून कचरा आत जाणार, जड असली तर गरजेच्या वेळी तेल अडणार. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह इंजिनावरच असतो, त्यांच्या फिल्टरमध्ये तो नसतो. दिसायला दोन्ही डबे सारखे!

दुसरी एक रबराची चकती असते. इंजिन बंद केल्यावर फिल्टरमधलं तेल खाली उतरू नये म्हणून. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर ही चकती फार महत्त्वाची. ती कडक झालेली असली की सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन काही क्षण खडखडतं, कारण तेवढा वेळ वर तेल नसतं. लोक म्हणतात गाडी जुनी झाली. बऱ्याचदा फिल्टर हलक्या दर्जाचा असतो.

आणि नव्या गाड्यांत हे जास्त जपायला हवं. तेल पातळ झालंय, व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या तेलवाटा बारीक असतात, त्यांच्या तोंडाशी बारीक जाळ्या असतात. पूर्वीच्या इंजिनाने जे पचवलं ते यांना पचत नाही. माझी एवढी तळमळ आहे कारण गिऱ्हाईक माझ्यावर विश्वास ठेवून डबा घेऊन जातं. त्याला तो उघडून बघता येत नाही, म्हणून देणाऱ्याने तरी बघून द्यायला हवा.

पाना_बावीस (नाशिक)

ताई, आट्यांचा मुद्दा पटला. पाऊण इंची आणि एम20 मधला फरक एवढा बारीक असेल असं वाटलं नव्हतं. पण मग जुना फिल्टर नमुना म्हणून न्यायचाच नाही का?

पार्टवाली (इचलकरंजी)

न्या की. पण तो पडताळा म्हणून न्या, पुरावा म्हणून नको. मागच्या वेळी बरोबरच लावला होता हे कोणी सांगावं? सेकंडहँड गाडी असेल तर मुळीच भरवसा नाही. जुन्या डब्यावरचा छापील नंबर मात्र वाचा, उपयोगी पडतो.

हडसनपार (न्यू जर्सी)

इथे घरच्या ड्राइव्ह-वेमध्ये तेल बदलणारे बरेच आहेत, मीही त्यातलाच. ताई म्हणतात तोच प्रकार अमेरिकेतही आहे. टोयोटा कोरोला घ्या. 2020 पासूनच्या पिढीत एकाच वर्षाच्या दोन कोरोला शेजारी उभ्या केल्या तरी 1.8 लिटरवालीला कागदी फिल्टर, 04152-वायझेडझेडए6, आणि 2.0 लिटरवालीला फिरवून लावायचा डबा, 90915-10009. दुकानात "2020 कोरोला" म्हटलं तर काउंटरवरचा मुलगा पहिला प्रश्न इंजिनाचाच विचारतो, आणि नाही विचारला तर आपण सांगावं.

कागदी फिल्टरवाल्यांसाठी एक भर घालतो, कारण भारतातही अशी इंजिनं आहेत. पाकिटात कागदाबरोबर ओ-रिंग येतात. माझ्या कोरोलाच्या पाकिटात दोन असतात, एक मोठ्या झाकणाची आणि एक झाकणाच्या मधल्या छोट्या बुचाची. दोन्ही बदलायच्या. जुनी रिंग चपटी झालेली असते, ती तशीच ठेवली तर गळती ठरलेली. मोठी रिंग झाकणावरच्या तिच्या खाचेतच बसली पाहिजे, वरच्या आट्यांत नाही. झाकण उघडायला 64 मिमीचा, चौदा बाजूंचा टोपीसारखा पाना मिळतो. पट्ट्याच्या पान्याने झाकणाच्या कडा खातात. आवळताना 25 न्यूटन मीटर, त्यापुढे जोर नको, प्लास्टिकचं झाकण असेल तर तडकतं.

कृष्णाकाठ (कराड)

सगळ्यांचे मनापासून आभार. आरसी काढून बघितली, इंजिन नंबर के12एन ने सुरू होतो. सिग्नलला बंद पडण्याचंही जुळतं. ते मी एवढे दिवस नुसती पेट्रोल वाचवायची सोय समजत होतो, इंजिनाची ओळख त्यातून पटेल असं वाटलं नव्हतं.

चेसिस नंबर घेऊन पार्ट काउंटरला गेलो. त्यांनी संगणकावर बघून पूर्ण पार्ट नंबर कागदावर लिहून दिला. आधी ऑनलाइन दाखवलेल्या दोनपैकी एकाच्या वर्णनात तो नंबर आहे, दुसऱ्याच्या नाही. गावातल्या दुकानाच्या तिसऱ्या डब्यावर तर नंबरच नव्हता, फक्त गाड्यांची चित्रं. फिल्टर मी काउंटरवरूनच घेतला, जुनं तेल काढायच्या ड्रेन नटचं वायसरही. रविवारी गॅरेजला जातोय. बसवताना मी मिस्त्रीजवळ उभा राहणार आहे, तर काय बघू?

पार्टवाली (इचलकरंजी)

छान केलंत. डब्यावर नंबर नाही, एमआरपी नाही, बनवल्याचा महिना नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, असा माल हातात घेऊच नये. पार्ट नंबर सोडला तर बाकीचं छापणं कायद्याने बंधनकारक आहे.

रविवारी सगळ्यात आधी हे बघा: जुना फिल्टर निघाला की त्याची रबर रिंग त्याच्याबरोबर निघाली का. कधीकधी ती इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर चढला तर रिंगवर रिंग बसते, सुरुवातीला कोरडं दिसतं आणि हायवेला दाब वाढला की तेल बाहेर. मिस्त्री कितीही चांगला असला तरी बॅटरी मारून बसायची जागा स्वतः बघा. म्हणजे टॉर्च हो.

जागा स्वच्छ फडक्याने पुसायला सांगा. नव्या रिंगला नव्या तेलाचं बोट फिरवायचं. फिल्टर हाताने फिरवायचा, रिंग टेकली की तिथून पाऊण फेरा. पाना लावून आवळू देऊ नका, पुढच्या वेळी डबा फाटेल पण निघणार नाही. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. गॅरेजमधल्या पिंपातलं नको, सीलबंद डबा तुमच्यासमोर फुटू द्या.

मग इंजिन चालू करा. तेलाच्या दाबाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, तोवर रेस करायची नाही. दिवा विझला नाही तर लगेच बंद. थोडा वेळ चालवून खाली वाकून फिल्टरभोवती आणि ड्रेन नटपाशी बघा. बंद करून पाचेक मिनिटं थांबा आणि पट्टीवर पातळी बघून कमी असेल तेवढंच वाढवा. फिल्टरमध्ये तेल भरतं, त्यामुळे पहिल्यांदा थोडं उतरलेलं दिसेल.

काढलेलं तेल गटारात किंवा शेताच्या बांधावर जाऊ देऊ नका. गॅरेजवाला अधिकृत गोळा करणाऱ्यांना देतो का ते विचारा. कोयना-कृष्णेच्या संगमावर राहता, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आणि तो पार्ट नंबर आरसीच्या पाकिटातच ठेवा, बिलासकट. सोबत किलोमीटर आणि तारीख लिहा.

कृष्णाकाठ (कराड)

काम झालं, ताई. जुन्या फिल्टरची रिंग त्याच्याबरोबरच निघाली, टॉर्च लावून बघितलं. फिल्टर हातानेच आवळला, दिवा लगेच विझला. काल वडिलांना कोल्हापूरला नेऊन आणलं, घरी आल्यावर खाली पुठ्ठा टाकून ठेवला होता. सकाळी पुठ्ठा कोरडा.

एक राहिलं. शेजारच्यांची ग्लान्झा आहे, त्यांनाही फिल्टर हवाय. त्यांच्या आरसीचा फोटो काढून आजच काउंटरला जातो.