‘सहभागिता’ आणि ‘सहभाग’ एकच का?

एका ख्रिस्ती मित्राकडे उपासनेला गेले होते. शेवटी पाळकांनी हात वर करून आशीर्वाद दिला, त्यात ‘पवित्र आत्म्याची सहभागिता’ असे शब्द होते. सहभाग, लोकसहभाग हे शब्द रोजच्या वापरातले. सहभागिता मात्र पहिल्यांदाच ऐकला. अर्थ तोच का? आणि तिथे सगळे ‘आमची मंडळी’ म्हणत होते, ते कुटुंबाबद्दल की चर्चबद्दल?

---

मंडळी म्हणजे विश्वासणाऱ्यांचा समुदाय. हा शब्द माणसांसाठी आहे, इमारतीसाठी नाही. ‘करिंथची मंडळी’ म्हणजे करिंथ या जुन्या ग्रीक शहरातले ख्रिस्ती लोक. प्रॉटेस्टंट घरांत हा शब्द अगदी रुळलेला आहे.

सहभागिता आणि सहभाग मात्र एक नाहीत. सहभाग आपण ‘घेतो’: स्पर्धेत, मोर्चात, चर्चेत. काम संपलं की सहभागही संपतो. सहभागिता ‘असते’, कुणाबरोबर तरी असते आणि कार्यक्रम उरकला तरी टिकते. तो आशीर्वाद बायबलमध्ये, येशूचा प्रेषित पौल याच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे. मूळ ग्रीक शब्द कोइनोनिआ. ‘कोइनोस’ म्हणजे सामाईक. त्यावरून तो आला.

या शब्दाचं कूळ फार सोवळं नाही, आणि मला तेच मोलाचं वाटतं. लूकच्या शुभवर्तमानात याकोब आणि योहान हे शिमोनाचे मासेमारीतले भागीदार आहेत. तिथे ‘भागीदार’साठी याच कुळातला शब्द येतो. म्हणजे मिळालेली मासळी आणि आलेली तूट, दोन्ही वाटून घेणारे. मराठी बायबलच्या जुन्या वळणाच्या भाषांतरात योहानाच्या पहिल्या पत्रात याच शब्दाला ‘भागी’ म्हटलं आहे. ‘भागी’त ही धंद्यातली भागीदारी ऐकू येते. त्याऐवजी ‘सहवास’ म्हटलं तर तो गोड शब्द आहे, पण शेजारी बसून राहिलं तरी सहवास होतो. खिशाला हात लावावा लागत नाही.

पौल तर हा शब्द चक्क वर्गणीसाठी वापरतो. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांनी पैसे जमवले, त्या मदतीला रोमकरांस पत्रात तो कोइनोनिआ म्हणतो. मासेदोनियाचे लोक स्वतः कंगाल होते, तरी या कामात आम्हांला घ्या म्हणून त्यांनी पौलाची विनवणी केली. फिलेमोनाला लिहिलेलं छोटं पत्रही वाचा. अनेसिम हा फिलेमोनाचा दास. पौल लिहितो, तू मला भागीदार मानत असशील तर जसा माझा तसाच त्याचा स्वीकार कर. मालकाने दासाला प्रेषिताच्या बरोबरीने घरात घ्यायचं, इतका भार या एका शब्दावर आहे. म्हणून उपासनेनंतरच्या चहा-बिस्किटांनाच ‘फेलोशिप’ म्हटलं की मला राहवत नाही. चहा हवाच; पण शेजारच्या बाकावर बसणाऱ्याच्या घरात चूल पेटली का हे ठाऊक नसेल तर सहभागिता अजून सुरू व्हायची आहे.

---

कॅथलिकांसाठी एक भर. कम्युनियन, म्हणजे उपासनेत वेदीवरची पवित्र भाकर घेणं, हा शब्द लॅटिन ‘कॉम्म्युनियो’वरून आला, आणि त्याचाही गाभा ‘सामाईक’ हाच. गोव्यात कोकणीत ‘कुमगार’ म्हणतात, तो पोर्तुगीज ‘कोमुंगार’वरून. आमच्याकडे सहभागितेचा अर्थ आधी वेदीशी जोडलेला असतो, मग घराघरांशी. पौलही करिंथकरांस पहिल्या पत्रात एकच भाकर म्हणून आपण पुष्कळ जण एक शरीर, असंच म्हणतो.

---

त्याच पत्रात पुढच्याच अध्यायात तो करिंथकरांना चांगलं फैलावरही घेतो. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडायला, एकत्र जमायचे, पण काही जण आपलं जेवण आधीच उरकायचे. कुणी भुकेला, कुणी झिंगलेला. तुमचं हे जमणं प्रभुभोजन नव्हेच, असं तो लिहितो. नुसत्या जमण्याला तो सहभागिता मानत नाही.

---

मग एकत्र जमण्याचं महत्त्व काय? 2020 मध्ये चर्चं बंद होती, ईस्टर आम्ही मोबाइलसमोर केला. तीही सहभागिता होती, असं आमच्याकडे काही जण म्हणतात.

---

होती, असंच मी म्हणेन. आजारी माणूस अंथरुणावरून उपासना ऐकतो, तोही मंडळीतलाच. पण दारं उघडल्यावरही सोयीसाठी घरीच बसायचं, तर इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय वाचावा. आपलं एकत्र मिळणं सोडू नका, कित्येकांना तशी सवय लागली आहे, असं तिथे म्हटलं आहे. तक्रार जुनीच! त्याच्या आधीच्या वचनात कारणही आहे: प्रीती आणि सत्कर्मांसाठी एकमेकांना उत्तेजन देणं. वचन एकट्याने वाचता येतं, प्रार्थना एकट्याने करता येते. पण ‘एकमेकांना’ हा शब्द एकट्याने पाळता येत नाही. विश्वास डळमळतो तेव्हा दुसऱ्याने आपल्यासाठी गायलेलं गीत माणसाला धरून ठेवतं. ‘जेथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत’ या वचनात आकडा लहान आहे, पण एक नाही.

आणि सहभागितेचं कुंपण कुठवर, हाही आपल्याकडे विचारला गेलेला प्रश्न आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तशिष्यांसाठी. मंडळीची वेस इतकी पुढे नेणं तेव्हा अनेकांना रुचणारं नव्हतं. मला मात्र टिळक योग्य वाटतात. ‘भागी’ कुणाची, हे भागी देणाऱ्याने ठरवायचं असतं.

---

धन्यवाद. वाक्यात कसा वापरायचा? ‘सहभागितेमध्ये भाग घेतला’ चालेल?

---

नको, भाग दोनदा येतो. ‘मंडळीच्या सहभागितेत आहे’, ‘त्यांच्याशी सहभागिता ठेवली’ किंवा ‘सहभागितेला मुकला’ असं म्हणा.