गाणं शिकवताना मुलांकडून हालचाल / नाच करून घेता का? नेमकं कसं?

कोमलगंधार:
नमस्कार मंडळी. मी साधारण आठ ते अकरा वयाच्या मुलांना गायन शिकवते, ग्रुपमध्ये. अडचण तालाची आहे. मुलं बोटांवर मात्रा मोजतात, टाळ्या बरोबर जागी देतात, त्रितालात (सोळा मात्रांचा ताल) खाली, म्हणजे टाळी न देता हात उघडा दाखवायची जागा, कितव्या मात्रेवर हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील, पण गायला लागली की लय पळायला लागते आणि समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) दोन जण आधी, तीन जण नंतर असं होतं. तोंडपाठ आहे पण अंगात नाही.

हल्ली दाल्क्रोझ, ऑर्फ वगैरे पद्धतींबद्दल वाचतेय, चालणं, झुलणं, नाच यातून संगीत शिकवतात म्हणे. करून बघायचंय पण शंका आहेत. मुलं नाचायला लागली की ऐकणं बाजूला पडून नुसता दंगा होईल का? लाजरी मुलं आहेत दोन-तीन, त्यांचं काय? आणि पालक म्हणणार गाणं शिकवताय की नाच. कोणी खरंच वर्गात केलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

लयकारी:
ताई, तुमची जी अडचण आहे ना, अगदी त्यातूनच दाल्क्रोझची पद्धत निघाली. तो जिनिव्हाच्या कॉन्झर्व्हेटरीत १८९२ पासून हार्मनी (स्वर एकत्र जुळवण्याचं शास्त्र) शिकवायचा, आणि त्याला दिसलं की विद्यार्थ्यांचा हात वाद्यावर तयार आहे, कागदावरचं गणितही येतं, पण लय आतून जाणवतच नाही. म्हणून त्याने मुलांना वाद्यावरून उठवून चालायला लावलं. पुढे १९११ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनजवळ हेलेराऊला याची मोठी शाळाच उभी राहिली.

पण एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा, हालचाल शोभेची नको. गाणं लावलं आणि मुलं मनाला येईल तशी नाचली, यातून मजा येते, ताल येत नाही. एका वेळी संगीतातली एकच गोष्ट घ्या आणि हालचाल फक्त तिलाच बांधा.

त्रितालाचंच घ्या. मात्रा मोजायला लावूच नका. ठेका (तबल्यावर वाजणारे तालाचे ठरलेले बोल) चालू ठेवा आणि मुलांना सांगा, डग्ग्याची (तबलाजोडीतल्या जड आवाजाच्या वाद्याची) घुमक ऐकू येतेय तोवर गुडघ्यात किंचित वाकून जड पावलं, घुमक गेली की टाचा उचलून हलकं चालायचं. नवव्या मात्रेपासून धा तिं तिं ता, ता धिं धिं धा असे बोल येतात, त्यात दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्गा बंद असतो आणि चौदाव्या धिंला परत येतो. म्हणजे मुलं चौदाव्याला आपोआप गुडघ्यात वाकतात, आणि एकदा ते जाणवलं की सम जवळ आली हे कोणी सांगावं लागत नाही. नववी मात्रा खालीची हे पाठ असणं वेगळं आणि जमीन पायाखालून हलकी झाल्यासारखं वाटणं वेगळं. नाव, आकडा, लिहिणं हे सगळं त्यानंतर.

लय पळते त्याचं कारण बहुतेक वेळा असं असतं की मुलांना मात्रा म्हणजे टाळीचा क्षण एवढंच माहीत असतं, दोन टाळ्यांमधला वेळ रिकामा. रिकामा वेळ कोणालाच थांबवत नाही, माणूस पुढे पळतो. चालताना मात्र पाय उचलायचा, वजन पुढे न्यायचं, टेकवायचं, तो वेळ अंगाने भरावाच लागतो. म्हणून विलंबित (संथ) लयीत चालणं द्रुत (जलद) लयीपेक्षा अवघड जातं, बघा करून. तिथेच लय पक्की होते.

पायातले_घुंगरू:
मी कथक शिकवते म्हणून थोडं दुसऱ्या बाजूने. आमच्याकडे पायाने करायच्या आधी तोंडाने पढंत, म्हणजे बोल म्हणणं, हातावर ताल ठेवून. बोल तोंडात बसला नाही तर पाय नुसते आपटतात. त्यामुळे लयकारींनी सांगितलेलं करताना मुलांना सोबत बोल म्हणायला लावा, हळू आवाजात. आणि पाय आपटू देऊ नका. पंधरा मुलं एकदम आपटायला लागली की ठेका ऐकूच येत नाही आणि मग तुमची भीती खरी ठरते. सगळ्यांना अनवाणी करा आणि सांगा तुमच्या पावलाचा आवाज ठेक्यापेक्षा मोठा झाला तर थांबायचं.

आणखी एक, शेजाऱ्याकडे बघून करणारी मुलं ओळखायला शिका. हालचाल बरोबर दिसते पण इतरांपेक्षा जराशी उशिरा येते. त्यांना ओरडू नका, सगळ्यांनाच भिंतीकडे तोंड करून उभं करा. मग कोणाचे कान चालू आहेत ते लगेच कळतं.

षड्जपंचम:
मला हे फारसं पटत नाही. मैफिलीत गायचं तर बसूनच गायचंय. अंग हलवून ताल धरायची सवय लागली की हलल्याशिवाय तो सापडणारच नाही. त्यापेक्षा ठेक्यासोबत रोज बसून रियाज, भरपूर ऐकणं. वेळ लागतो, लागू दे.

लयकारी:
@षड्जपंचम मुद्दा महत्त्वाचा आहे, पण म्हणूनच हालचाल कमी कमी करत न्यायची असते. आधी पूर्ण अंगाने चालणं, मग जागेवर वजन डावी-उजवीकडे, मग बसून फक्त हात, मग काहीच नाही. शेवटच्या पायरीला ठेका मध्येच बंद करा, मुलांनी मनात चालू ठेवायचा आणि समेला टाळी द्यायची. ती टाळी एकत्र पडली की समजा आत गेलं. बसून मांडीवर ताल धरणाऱ्या श्रोत्याचं अंग तरी कुठे गप्प असतं?

आणि अंगाचा आणि कानाचा संबंध आहे हे तपासलेलंही आहे. २००५ मध्ये सायन्स नियतकालिकात एक प्रयोग आला होता, सात महिन्यांच्या बाळांना आघात नसलेला एकच ठेका ऐकवत काहींना दर दुसऱ्या, काहींना दर तिसऱ्या ठोक्याला झुलवलं. नंतर ज्या बाळाला जसं झुलवलं होतं तसे आघात असलेला ठेका ते जास्त वेळ ऐकत राहिलं. दुसऱ्या कोणाला झुलताना नुसतं बघून तो परिणाम आला नाही. म्हणजे फळ्यावर दाखवून भागत नाही, करावंच लागतं.

चालता_बोलता:
लाजऱ्या मुलांबद्दल. 'नाचा' हा शब्दच काढू नका. हातात वस्तू दिली की मूल स्वतःकडे कोण बघतंय ते विसरतं. गोल बसवून चेंडू फिरवायचा. झपतालात २-३-२-३ असे विभाग आहेत ना, तर विभाग बदलला की चेंडूची दिशा बदलायची. तीनच्या विभागात चेंडू एक हात जास्त पुढे जातो, ते लहान-मोठं अंतर मुलांना समोर दिसतं. माझ्या वर्गात चाकाच्या खुर्चीवर बसणारी एक मुलगी आहे, ती यात सगळ्यांच्या बरोबरीने असते, किंबहुना दिशा चुकली की सगळ्यात आधी तीच ओरडते. चालता येणं ही अट नाही, वजन आणि वेळ अंगात उतरला पाहिजे, मग तो खांद्यातून उतरो नाहीतर हातातून.

पालकांना समजावत बसू नका, एकदा वर्गात बोलवा आणि मुलांसोबत चालायला लावा. मग प्रश्न येत नाहीत.

कोमलगंधार:
खूप खूप आभार सगळ्यांचे, डग्ग्याचं तर उद्याच करून बघते. एकच अजून, हे सगळं तालाचं झालं, सुरांसाठी असं काही आहे का? मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं) समजावताना मुलं दोन स्वर तोडून तोडून म्हणतात.

पायातले_घुंगरू:
आहे ना. हाताच्या खुणांनी स्वर दाखवायची पद्धत एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेनने बसवली आणि पुढे हंगेरीत संगीतकार कोडायच्या विचाराने शिकवणाऱ्यांनी ती उचलली, प्रत्येक स्वराला हाताचा वेगळा आकार. तिथला 'डो' (पाश्चात्त्य सरगमचा पहिला स्वर) हाही आपल्या सा सारखाच कुठूनही सुरू होतो त्यामुळे सरगमला ती सहज लागू पडते.

मींडेसाठी मात्र खुणा नको, त्या स्वर सुटे सुटे करतात. दोन मुलांच्या हातात रुंद इलॅस्टिकची दोन टोकं द्या. एकाने गात गात सा पासून प पर्यंत हळूहळू ताणत न्यायचं, दुसऱ्याने घट्ट धरून ठेवायचं. झटका दिला की लगेच हाताला कळतं आणि गळ्यालाही. उतरताना तर जास्त मजा, कारण सैल सोडलं तर स्वर घसरतो, धरून सोडावं लागतं. आधी वर जाणारी मींड पक्की करा, उतरती नंतर घ्या, आणि जोड्या बदलत राहा म्हणजे धरणाऱ्यालाही ऐकायची सवय लागते.