गंडम मोठा की सुखोई? भिंतीवरून रंगलेली सोसायटीची चर्चा

मुक्ता, बी-४०२: नमस्कार सगळ्यांना. गेटजवळची कंपाउंडची भिंत रंगवायला कमिटीने आम्हा मुलांना दिली आहे. एका टोकाला मेका, म्हणजे आत माणूस बसून चालवतो ते महाकाय रोबो, आणि दुसऱ्या टोकाला लढाऊ विमानं, असं ठरलंय. सगळं एकाच मापात काढायचंय. पण सुरुवातीलाच वाद झालाय. माझं गंडमचं, म्हणजे जपानी कार्टून मालिकेतल्या मेकाचं, मॉडेल साडेबारा सेंटिमीटरचं आहे आणि शिंदे काकांच्या शोकेसमधलं सुखोई ३० सेंटिमीटरचं. मुलं म्हणतात, म्हणजे सुखोई अडीचपट मोठं. तसं आहे का?

ओंकार, ए-७०३: नाही. दोन्ही मॉडेलांचं प्रमाण वेगळं आहे. तुझा गंडम १:१४४ चा, म्हणजे मूळ मापाच्या १४४ व्या भागाएवढा. १९८० मध्ये बांदाई या जपानी खेळणी कंपनीने गंडमचं पहिलं किट काढलं तेही याच मापाचं होतं. काकांचं विमान १:७२ चं, विमानाची किटं बनवणाऱ्यांचं हे आवडतं माप. काकांच्या मॉडेलची लांबी निम्मी कर, मग तुलना कर.

मुक्ता, बी-४०२: म्हणजे १५ सेंटिमीटर. आणि गंडम साडेबारा. फारसा फरक नाहीच की!

ओंकार, ए-७०३: बरोबर. १९७९ च्या मालिकेतल्या मूळ गंडमची उंची १८ मीटर. सुखोई-३० एमकेआयची लांबी जवळपास २२ मीटर. गंडमला धावपट्टीवर आडवं झोपवलं तर तो सुखोईपेक्षा ४ मीटरने आखूड भरेल. लहानपणापासून त्याला डोंगराएवढा समजणाऱ्यांना हे पटत नाही, पण आकडे असेच आहेत.

राजेंद्र, ए-५०४: मस्त! म्हणजे आपलं सुखोईच भारी. रोज डोक्यावरून जातं तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरतात ते उगाच नाही.

अनघा, बी-६०१: मुक्ता, भिंत ६ फुटी आहे, म्हणजे १.८३ मीटर. १:१० चं माप घ्या. गंडम बरोबर १.८ मीटरचा येईल, भिंतीला डोकं टेकेल इतका. सुखोई २.२ मीटर लांब, राफेल दीड मीटरच्या किंचित पुढं, तेजस १.३२. आणि या सगळ्यांशेजारी १७-१८ सेंटिमीटरचा एक माणूस नक्की काढा. तो नसेल तर बघणाऱ्याला काहीच अंदाज येणार नाही.

मुक्ता, बी-४०२: काकू, हे फारच सोपं झालं. मग पॅसिफिक रिम सिनेमातला रोबो जिप्सी डेंजर? तो ७९ मीटरचा आहे.

अनघा, बी-६०१: १:१० मध्येही तो ७.९ मीटर होतो, म्हणजे अडीच मजल्यांच्या वर. भिंतीवर फक्त त्याचं पाऊल मावेल, साधारण १.२ मीटरचं. पाऊलच काढा.

ओंकार, ए-७०३: आणि इव्हँजेलियन या जपानी मालिकेतल्या महाकायांना घेऊच नका. ते प्रसंगाप्रमाणे ४० मीटरचे असतात आणि प्रसंगाप्रमाणे २०० चे. करणाऱ्यांनी मुद्दामच तसं ठेवलंय. आपल्या भिंतीवर मापाला किंमत आहे.

राजेंद्र, ए-५०४: विमानांच्या बाजूला सुखोई मधोमध पाहिजे. सगळ्यात मोठं, सगळ्यात ताकदवान. राफेलवर उगाच एवढे पैसे घातले असं माझं स्पष्ट मत आहे.

शिंदे, सी-१०१: राजेंद्र, मी लोहगावच्या हवाई तळावर सुखोईवर काम केलंय, त्या विमानावर माझा जीव आहे. पण आकारावरून ताकद ठरवू नकोस. आकडे बघ. सुखोई रिकामं असताना १८ टनांच्या वर, पूर्ण भरलेलं ३८.८ टन. पंखांखाली आणि पोटाखाली शस्त्रं घेऊन जातं सुमारे ८ टन. राफेल रिकामं असताना १० टनांचं, भरलेलं २४.५ टन, आणि बाहेर टांगून नेतं साडेनऊ टन. जवळजवळ स्वतःच्या वजनाएवढं ओझं घेऊन उडतं ते!

राजेंद्र, ए-५०४: मग सुखोईचा एवढा मोठा देह कशासाठी?

शिंदे, सी-१०१: इंधनासाठी. पोटात साडेनऊ टनांहून जास्त इंधन मावतं. राफेलच्या पोटात त्याच्या निम्मंच, पुढचा पल्ला गाठायचा तर बाहेर टाक्या लावाव्या लागतात, आणि टाकी लावली की तिथली शस्त्राची जागा गेली. शिवाय सुखोईच्या नाकात मोठा रडार बसतो. नाक जितकं रुंद तितका अँटेना मोठा, तितकं दूरचं दिसतं. पण ज्याला दूरचं दिसतं ते स्वतःही दुरून दिसतं. विमानात प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाच्या तरी बदल्यात मिळते. म्हणून भिंतीवर लांबीबरोबर वजन आणि ओझंही लिहा रे मुलांनो.

मुक्ता, बी-४०२: लिहू काका! मग मेकांचंही वजन लिहायचं. गंडम ४३.४ टन, पूर्ण सज्ज असताना ६० टन. हे खरं वाटतं का कुणाला?

ओंकार, ए-७०३: तू साधं गणित कर. १.८ मीटर उंचीचा ७५ किलोचा माणूस घे. त्याला सगळीकडून १० पट कर. उंची १८ मीटर, वजन १,००० पट, म्हणजे ७५ टन. माणूस पाण्याहून किंचित जड किंवा हलका, जवळपास तेवढाच. गंडम त्याच आकारमानात ४३.४ टन, म्हणजे तो पाण्यावर तरंगेल. १९७२ चा माझिंगर झी हा दुसरा जपानी मेका पण १८ मीटरचा आणि वजन फक्त २० टन. जिप्सी डेंजर माणसाच्या हिशोबाने ६,००० टनांच्या पुढं हवा, दिलेत १,९८०. तो समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून लढतो, खरं तर बुचासारखा वर यायला हवा.

शिंदे, सी-१०१: ओंकार, तरंगणं हा दोष धरू नकोस. विमानही आतून पोकळच असतं. वरचं कातडं पातळ, आत फासळ्या. तेजसच्या तर वजनाचा ४५ टक्के भाग कार्बन फायबरसारख्या संमिश्र पदार्थांचा आहे. हलकं असणं चांगलंच. प्रश्न असा की ते पातळ कातडं पायावर उभं राहून चालण्याचं ओझं घेईल का. विमानाचं वजन हवेत पंखभर पसरतं. याचं सगळं वजन एका घोट्यावर.

अनघा, बी-६०१: आता माझा विषय आला. जे. बी. एस. हाल्डेन नावाचे शास्त्रज्ञ होते, पुढे भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांनी १९२६ च्या एका लेखात जुन्या गोष्टींतल्या ६० फुटी राक्षसांचा हिशोब मांडला होता. ६० फूट म्हणजे १८ मीटर, गंडमचीच उंची! वजन १,००० पट होतं, पण हाडाचा छेद, म्हणजे आडवं कापल्यावर दिसणारं क्षेत्रफळ, वाढतो फक्त १०० पट. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर १० पट भार, आणि मांडीचं हाड साधारण तेवढ्यालाच मोडतं. ते राक्षस प्रत्येक पावलाला मांडी मोडून घेतील, असं हाल्डेन म्हणतात.

मुक्ता, बी-४०२: मग गंडम उभाच राहू शकत नाही?

अनघा, बी-६०१: उभा राहील. पोलाद हाडापेक्षा बरंच बळकट, आणि गंडम हाडामांसाच्या राक्षसापेक्षा हलका. ६० टन धरले तर भार आठपट होतो, तेवढा पोलादी पाय घेईल. पण उडी मारून उतरला की तोच भार कितीतरी पट होतो, तिथे गुडघा आणि घोटा जातील. दुसरं, जमीन. माझ्या हिशोबाने त्याचं एक पाऊल २ चौरस मीटरचं. चालताना ६० टन एका पावलावर, म्हणजे चौरस मीटरला ३० टन. काळ्या मातीसाठी आम्ही इंजिनिअर सहसा १०-१५ टनांच्या वर धरत नाही. आपल्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर तो पावसाळ्यात आला तर गुडघ्यापर्यंत रुतून बसेल.

शिंदे, सी-१०१: टी-९० रणगाडा बघा. वजन ४६ टनांच्या आसपास, गंडमएवढंच. पण पट्ट्यांमुळे जमिनीवरचा दाब चौरस मीटरला ९ टनांच्या आसपास. आणि उंची जेमतेम सव्वादोन मीटर. रणगाडे बनवणाऱ्यांनी इतकी वर्षं उंची कमी करण्यात घालवली, कारण जो उंच तो आधी दिसतो आणि आधी मरतो.

नीलेश, डी-३०१: मी योकोहामाहून लिहितोय, उशीर झाला. इथे बंदरावर १८ मीटरचा हलणारा गंडम उभा केला होता, डिसेंबर २०२० ते मार्च २०२४. मी जाऊन पाहिला. वजन २५ टनांच्या आसपास, पोलादी सांगाडा आणि वरून हलकं प्लॅस्टिक, कार्बन फायबरवालं. गुडघे वाकवायचा, हात उचलायचा, बोटं हलवायचा. पण मागून कमरेला एका गाड्याने धरून ठेवलेला होता. सगळं वजन त्या आधारावर. पायांवर तो एकदाही उभा राहिला नाही.

अनघा, बी-६०१: बरोबर केलं त्यांनी. खाली लोक उभे असताना कुठलाही इंजिनिअर हेच करेल.

नीलेश, डी-३०१: तरी सांगतो, तो हलायला लागला तेव्हा माझ्या शेजारचे आजोबा रडत होते. त्या माणसांनी हे खरं करून दाखवलं याचं मला फार अप्रूप वाटतं.

ओंकार, ए-७०३: आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. चालकाची जागा छातीत, साधारण १३ मीटरवर. मेका धडपडला तर चालक जमिनीवर आदळेल तेव्हा वेग ताशी ५७ किलोमीटर. प्रत्येक धडपड म्हणजे एक मोटार अपघात. म्हणून मला पॅटलेबर या जपानी मालिकेतला मेका इंग्रॅम सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. उंची ८ मीटर, वजन ६ टनांच्या आसपास. माणसाच्या हिशोबाने साडेसहा येतं, म्हणजे जवळपास जुळतं. पोलिसांचं यंत्र, रस्त्यावरचं काम. ज्यांनी तो आखला त्यांनी आकडेमोड केली होती.

मुक्ता, बी-४०२: भिंतीवर ८० सेंटिमीटर. ठेवतेय. आणि मॅक्रॉस मालिकेतली व्हॅल्किरी, विमानाची रोबो होते ती? माझी सगळ्यांत आवडती.

ओंकार, ए-७०३: तीच खरा दुवा आहे दोन्ही बाजूंमधला, तिला भिंतीच्या मध्यावर घे. १९८२ ची. डिझायनर शोजी कावामोरींनी ती अमेरिकन लढाऊ विमान एफ-१४ वरून बेतली, मागेपुढे होणारे पंख तसेच. विमान असताना १४.२३ मीटर लांब, उभी राहिली की १२.६८ मीटर उंच. वजन रिकामं १३.२५ टन.

शिंदे, सी-१०१: थांब. १३.२५? आजचं अमेरिकन लढाऊ विमान एफ-३५ रिकामं असताना १३.३ टनांचं आहे. लांबी १५.७ मीटर.

ओंकार, ए-७०३: हो काका, जवळजवळ तेच वजन. आणि ज्या एफ-१४ वरून काढली ते रिकामं असताना १८ टनांच्या पुढं.

शिंदे, सी-१०१: मग हात, पाय, सांधे, सगळं कुठल्या वजनात बसवलं? एफ-१४ मध्ये नुसते पंख मागेपुढे करणारी यंत्रणा इतकी जड आणि निगेला इतकी किचकट होती की नव्या लढाऊ विमानांत ती कोणी घेत नाही. एक सांधा वाढला की वजन वाढतं, निगा वाढते आणि विमान हँगरमध्ये जास्त दिवस बसतं. हे मी हाताने केलेल्या कामावरून सांगतोय.

ओंकार, ए-७०३: त्यांनी त्यावर तोड काढलीय, अणुसंमीलनावर, म्हणजे अणू जोडून मिळणाऱ्या ऊर्जेवर, चालणारं इंजिन. इंधनाच्या टाक्याच नकोत. एफ-३५ च्या पोटात ८ टनांहून जास्त इंधन असतं, ते वाचलं की हातापायांना जागा होते.

शिंदे, सी-१०१: हे मान्य. इंजिन मिळालं तर सगळं मिळतं. खऱ्या जगातही सगळं अडतं ते इंजिनावरच. तेजसचं नवं रूप मार्क-१ए बघ. ८३ ची ऑर्डर २०२१ ची, आणखी ९७ ची सप्टेंबर २०२५ ची. सांगाडे तयार होतात आणि अमेरिकेहून येणाऱ्या एफ-४०४ इंजिनाची वाट बघावी लागते.

राजेंद्र, ए-५०४: म्हणूनच म्हणतो काका, बाहेरून पाचव्या पिढीचं, म्हणजे रडारवर सहज न दिसणारं, विमान घ्या. रशियाचं एसयू-५७ घ्या नाहीतर एफ-३५ घ्या, पण घ्या. हवाई दलाच्या मंजूर स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्या, ४२ आणि मिग-२१ गेल्यावर हातात २९.

शिंदे, सी-१०१: आकडा बरोबर आहे आणि तो मलाही झोपू देत नाही. पण एफ-३५ चं काय होतं ते केरळात पाहिलंस ना? १४ जून २०२५ ला ब्रिटिशांचं एक तिरुवनंतपुरमला उतरलं, ते २२ जुलैला उडालं. दुरुस्तीला माणसं त्यांच्या देशातून आणावी लागली. ज्या विमानाचा पाना आपल्या हातात नाही ते युद्धात आपलं नसतं. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात मिग बनले, सुखोई बनले, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथे बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. हे हात टिकले पाहिजेत. एएमसीएला, म्हणजे आपल्या स्वदेशी पाचव्या पिढीच्या विमानाला, मार्च २०२४ मध्ये मंजुरी मिळालीय. २५ टनांचं, दोन इंजिनं, शस्त्रं पोटात लपवलेली. माझं मत तिकडे.

राजेंद्र, ए-५०४: एएमसीए यायला दहा वर्षं. तोवर शेजारी थांबणार आहेत का? मला काकांचं पटत नाही, पण भिंतीवर राफेल घ्या, तेवढं पटलं.

सेक्रेटरी, ए-२०२: चर्चा छान आहे, पण मला पेंटरकडून शिडी मागवायची आहे. यादी नक्की करा.

मुक्ता, बी-४०२: डावीकडून: इंग्रॅम, गंडम, जिप्सीचं पाऊल, मग मधे व्हॅल्किरी दोन्ही रूपांत, मग एफ-१४, तेजस, राफेल, सुखोई. विमानं उभी काढली तर सुखोई भिंतीच्या वर जातंय, म्हणून सगळी आडवी, बाजूने दिसणारी. टी-९० गंडमच्या पायाशी. प्रत्येकाखाली उंची किंवा लांबी, वजन आणि किती ओझं नेतो.

शिंदे, सी-१०१: मिग-२१ राहिलं.

मुक्ता, बी-४०२: काका, ते तर निवृत्त झालं ना, २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला?

शिंदे, सी-१०१: म्हणूनच. १९६३ पासून होतं. १:१० मध्ये साधारण दीड मीटर जागा लागेल, तेजसच्या आधी. आकृती मी कागदावर काढून देतो, रविवारी नऊ वाजता खाली येतो.

सेक्रेटरी, ए-२०२: मंजूर. भिंतीची लांबी मोजून घ्या, पाण्याच्या मीटरची पेटी झाकू नका.

अनघा, बी-६०१: मी टेप आणि खडूची दोरी आणते. माणूस विसरू नका, प्रत्येकाशेजारी एक.