मदत हवी आहे: अमेरिकेतल्या हिस्पॅनिक मुलांच्या आरोग्याचा डेटा

सोनचाफा२२: अमेरिकेतल्या हिस्पॅनिक (मूळ स्पॅनिशभाषक देशांतल्या कुटुंबांच्या) मुलांचं आरोग्य आणि विकास यावर राष्ट्रीय सर्वेक्षणाचा डेटा हवाय. गूगल करून डोकं उठलं, नुसत्या अहवालांच्या पीडीएफ निघतात. मूळ फाइल हवी. शुक्रवारी गाईडना दाखवायचंय. लवकर सांगा प्लीज.

पाटीलबुवा: मुलांचं वय? आरोग्य म्हणजे दमा, दात, वजन की बोलणं-चालणं? एकदाची पाहणी चालेल की तीच मुलं वर्षानुवर्षं हवीत?

निवांत_नाना: एनएफएचएस-५ बघा, आपलं भारताचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. २०१९-२१चा आहे. जिल्हावार आकडे, उंची-वजन, सगळं आहे.

खारेदाणे: नाना, अमेरिका. हिस्पॅनिक.

निवांत_नाना: पद्धत तीच हो.

खारेदाणे: डोळे झाकून एनहेन्स घ्या, अमेरिकेचं आरोग्य-पोषण सर्वेक्षण. फिरत्या ट्रेलरमध्ये नेऊन उंची-वजन मोजतात, रक्त काढतात. आई सांगेल ते लिहून घेतलं असा कारभार नाही. २००७पासून बरीच वर्षं नमुन्यात सगळ्याच हिस्पॅनिकांचं प्रमाण मुद्दाम वाढवलं होतं, आधी फक्त मेक्सिकन-अमेरिकनांचं होतं.

टेकडीवरून: वर्षाला माणसं किती त्यात? पाचेक हजार, तीही सगळ्या वयांची. त्यातले हिस्पॅनिक, त्यातली लहान मुलं. हातात काय उरलं? विकास बघायचा तर ईसीएलएस-बी, तीच मुलं वर्षानुवर्षं पाहणारा अमेरिकी अभ्यास. २००१ साली जन्मलेली मुलं, नऊ महिन्यांपासून बालवाडीपर्यंत. मी दोन वर्षं काढलीत त्यावर.

खारेदाणे: ती मुलं आता नोकरीला लागली.

टेकडीवरून: मग? मूल बोलायला कसं लागतं हे दरवर्षी बदलतं का?

सोनचाफा२२: वय ० ते ५. घरी स्पॅनिश बोलतात त्या मुलांना बोलायला उशीर होतो का, असं काहीसं. ईसीएलएस-बी मस्त वाटतंय. कुठून डाउनलोड करू? मी पुण्यात आहे.

पाटीलबुवा: हे आधी सांगायचं ना! त्यातल्या मुलांच्या नोंदी परवान्याशिवाय मिळत नाहीत, आणि परवाना अमेरिकेतल्या संस्थांनाच. तुम्ही एनएससीएच घ्या, नॅशनल सर्व्हे ऑफ चिल्ड्रन्स हेल्थ. सेन्सस ब्युरोच्या साइटवर स्टाटा या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरची फाइल फुकट आहे. ० ते ५ची प्रश्नावली वेगळी, घरची भाषाही विचारतात. पण २०१६च्या आधी हे सगळं फोनवर चालायचं, नंतर वेब आणि टपाल. २०११-१२चा आकडा २०१६ला जोडून आलेख काढलात तर गाईड तिथंच धरतील. आणि सार्वजनिक फाइलीत हिस्पॅनिक आहे की नाही, एवढंच कळतं.

सोनचाफा२२: सगळे एकत्र धरले तर चालतील ना?

टेकडीवरून: पोर्टोरिकन मुलांत दम्याचं प्रमाण फार जास्त, मेक्सिकन मुलांत बरंच कमी. एकत्र केलंत की आलेली सरासरी ना यांची ना त्यांची. गट वेगळे हवे असतील तर एनएचआयएस या दुसऱ्या राष्ट्रीय आरोग्य-सर्वेक्षणाच्या २०१८पर्यंतच्या फाइली आयपीयूएमएस या डेटा-साइटवरून घ्या.

वाटसरू_एनजे: विषय निघालाच आहे म्हणून. इथल्या एका डॉक्टरांनी आम्हाला लेकीशी मराठी बंद करा म्हणून सांगितलं होतं. नाही केलं. आता दोन्ही भाषांत भांडते. बाकी, हिस्पॅनिक नाही, लॅटिनो म्हणा.

खारेदाणे: ब्राझीलचा माणूस लॅटिनो, पण हिस्पॅनिक नाही. स्पेनचा उलट. फॉर्मवर दोन्ही शब्द शेजारी शेजारी असतात, वाद कशाला?

निवांत_नाना: एनएफएचएसमध्ये हा घोळच नाही.

सोनचाफा२२: एनएससीएच डाउनलोड केला! टक्केवारी पण काढली. फक्त हा एफडब्ल्यूसी नावाचा कॉलम कसला? अगडबंब आकडे आहेत, उडवून टाकला.

पाटीलबुवा: अहो, तो वेट आहे, म्हणजे ते एक मूल देशातल्या किती मुलांच्या वतीनं मोजायचं तो आकडा. परत आणा, आणि टक्केवारी पहिल्यापासून काढा.