टुरिस्ट व्हिसाची मुदत उलटून १४ महिने, आता लग्नावर ग्रीन कार्ड: गावाकडून कोणते कागद पाठवायचे?

वसमतकर:
माहितगारांनी सांगावं. मावसबहिणीसाठी विचारायलोय. बी-२ व्हिसावर अमेरिकेत गेली, आय-९४ वरची (म्हणजे मुक्कामाच्या मुदतीची) तारीख उलटून १४ महिने झाले. पासपोर्टवर व्हिसा २०३२ पर्यंत आहे. आठ महिन्यांखाली तिथंच रजिस्टर लग्न केलं, नवरा मूळ नांदेडचा, तिकडंच स्थायिक. इथला एजंट म्हणतोय परत या, मुंबईहून रीतसर व्हिसा घेऊन जा. दुसरे म्हणायलेत हलू नका. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, त्यामुळं तिला यायचंही आहे.

अजून दोन भानगडी. पहिलं लग्न होतं, २०१९ ला शंभराच्या बाँडवर नोटरी करून फारकत झाली. जन्म १९९३ चा, घरीच, वसमत तालुक्यात. ग्रामपंचायतीत नोंद सापडत नाही, टी.सी.वर १ जून. पोलीस क्लिअरन्ससाठी एसपी ऑफिसला अर्ज देऊन ठेवलाय.

डायरीनोंद:
भाऊ, एजंटाचं ऐकून तिकीट काढू नका. मुदत उलटून वर्ष ओलांडलंय, म्हणजे ती अमेरिकेबाहेर पडली की तिथून पुढं १० वर्षं प्रवेशबंदी. १८० दिवसांच्या वर पण वर्षाच्या आत असतं तर ३ वर्षं. ही बंदी लागते ती बाहेर पडल्यावर, आत असेपर्यंत ती झोपलेली असते. मुंबईत लग्नाच्या आधारावर मुलाखत होईलही, पण तिथं ही बंदी पुढं येणार आणि मग आय-६०१ भरून माफी मागत बसायचं. त्यात नवऱ्याला पराकोटीची अडचण होईल हे सिद्ध करावं लागतं. २०३२ चा व्हिसा तर मुदत उलटली तेव्हाच रद्द झालाय. किती दिवस राहायचं हे आय-९४ वरची तारीख ठरवते, आपल्याकडं निम्मे लोक इथंच फसतात.

आतूनच अर्ज केला तर सिटिझनच्या बायकोला उलटलेली मुदत आडवी येत नाही. अट एक: येताना विमानतळावर अधिकाऱ्यानं तपासून आत घेतलेलं असावं. त्याचा पुरावा म्हणजे आय-९४ ची प्रिंट (सीबीपी म्हणजे तिकडच्या सीमा तपासणी खात्याच्या साइटवर फुकट निघते) आणि पासपोर्टचं शिक्क्याचं पान.

पण आधी हे सांगा, नवरा सिटिझन आहे की ग्रीन कार्डवाला? ग्रीन कार्डवाला असेल तर ही सवलत नाही, तो सिटिझन होईपर्यंत आय-४८५ (तिथूनच ग्रीन कार्ड मागायचा अर्ज) भरून पैसे घालवू नका. आणि तिनं तिकडं काही काम केलंय का?

वसमतकर:
सिटिझन आहे, २०२१ ला झाला. तिनं एका मोटेलवर सहा महिने काम केलं.

डायरीनोंद:
विनापरवाना कामही सिटिझनच्या बायकोला माफ असतं. पण कामावर लागताना आय-९ नावाचा फॉर्म भरून घेतात. त्यात ‘अमेरिकन नागरिक’ या चौकोनावर खूण केली असेल तर ती कायमची बंदी, आणि लग्नाच्या अर्जात तिला माफी नाही. ‘मालकानं सांगितलं म्हणून सही केली’ हे कामाला येईल या भरवशावर राहू नका. मोटेलकडून त्या फॉर्मची झेरॉक्स मिळाली तर आधी ती वकिलाला दाखवा, बाकीचं नंतर.

गोदाकाठ:
सगळे मुदतीवर बोलायलेत, खरी भानगड फारकतीची आहे.

हिंदू विवाह कायदा लागू असेल तर शंभराच्या बाँडवरचा कागद म्हणजे घटस्फोट नव्हे, मग खाली नोटरीचा शिक्का असो की पाच पंचांच्या सह्या. कलम २९(२) मध्ये समाजाच्या रूढीनं होणाऱ्या फारकतीला जागा आहे, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करून तसा हुकूमनामा घ्यावा लागतो. आज कागदोपत्री तिचं पहिलं लग्न उभं आहे. पहिलं उभं म्हणजे अमेरिकेतलं दुसरं लग्न अवैध, आणि त्यावर नवऱ्यानं बायकोसाठी टाकलेला आय-१३० अर्ज नामंजूर. फेब्रुवारी २०२५ च्या धोरणापासून, नामंजूर झालेल्या माणसाचा मुक्काम कायदेशीर नसेल तर हद्दपारीची नोटीस निघते. म्हणजे ज्या कागदानं ती सुटायची त्यानंच अडकायची.

पहिल्या नवऱ्याची तयारी असेल तर १३-बी खाली संमतीनं घटस्फोट हा जवळचा रस्ता. सहा महिन्यांची थांबण्याची मुदत कोर्ट माफ करू शकतं, सुप्रीम कोर्टानं २०१७ ला तसं म्हटलंय. तो तयार नसेल तर रूढीचा दावा, त्याला वेळ लागतो. दोन्हीसाठी तिनं इकडं यायचं नाही, नाहीतर वर सांगितलेली १० वर्षं. मुखत्यारपत्र तिकडच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवावं. ते इथं पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरून घ्या, लोक नेमके हेच विसरतात आणि मग कोर्टात कागद बाजूला पडतो. तिचा जबाब व्हिडिओवर घ्या म्हणून वेगळा अर्ज द्यावा लागेल.

एक नाजूक बाब. पहिलं लग्न उभं असताना दुसरं करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये येऊ शकतं. म्हणून अर्जात काय लिहायचं ते फौजदारी बाजू कळणाऱ्या वकिलासोबत बसूनच ठरवा, स्टॅम्पव्हेंडरच्या टपरीवर मजकूर टाइप करू नका. हुकूमनामा आला की तिकडं त्याच नवऱ्याशी पुन्हा नोंदणी लग्न करायचं. अर्ज जाईल तो नव्या मॅरेज सर्टिफिकेटवर, जुन्यावर नाही. पहिलं लग्न दडवायचा विचारही नको. बी-२ साठी भरलेल्या डीएस-१६० मध्ये वैवाहिक स्थिती काय टाकली होती ती आठवा, तो फॉर्म त्यांच्याकडं आहेच.

नमुना_चौदा:
जन्माचं सांगतो. आधी ग्रामसेवकाकडून ‘नोंद आढळत नाही’ असं अनुपलब्धतेचं प्रमाणपत्र घ्या, त्यावर वर्ष आणि गाव स्पष्ट हवं. मग टी.सी., दहावीची सनद आणि जन्माची माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची शपथपत्रं. शपथपत्रात त्यांची स्वतःची जन्मतारीख, पत्ता, नातं आणि ‘हे मला कसं माहीत’ हे हवंच. ‘मी ओळखतो’ एवढं एकच वाक्य लिहिलं तर त्याला किंमत नाही. ज्या सुईणीनं बाळंतपण केलं ती हयात असेल तर सोन्याहून पिवळं.

उशिराची जन्मनोंद आता करून घेता येते, पण मार्च २०२५ च्या शासन निर्णयापासून पडताळणी कडक आहे, आणि तीस वर्षांनी केलेल्या नोंदीवर तिकडचा अधिकारी तसाही भुवया उंचावतो. करायची तर करा, वरचे कागद मात्र सोबत जोडाच.

१ जूनचं काय? गुरुजींनी अख्ख्या वर्गाला १ जून दिलाय हे आपल्याला ठाऊक, तिकडं कसं कळणार. पासपोर्टवरही तीच असेल तर सगळीकडं तीच ठेवा. शपथपत्रात मात्र आजीला ‘पोळ्याच्या आसपास’ बोलायला लावू नका, पोळा श्रावण अमावास्येला असतो, अधिकारी जुळवून बघेल. खरी तारीख वेगळी आणि माहीत असेल तर लपवू नका, फरक का पडला ते शपथपत्रातच लिहा.

आणि जिल्हा. हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून निघाला. तिच्या टी.सी.वर ‘जि. परभणी’ असेल, पासपोर्टवर ‘हिंगोली’. हे दोन ठिकाणचे जन्म नव्हेत एवढं आय-४८५ च्या जादा माहितीच्या पानावर दोन ओळींत लिहा. धाराशिव आणि संभाजीनगरवाल्यांनीही जुन्या-नव्या नावांचं असंच करावं.

मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर लागतं. खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख आणि ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण व अचूक आहे’ हे वाक्य. नोटरीची गरज नाही.

एसपी ऑफिसचे खेटे थांबवा. पोलीस क्लिअरन्स मुंबईहून व्हिसा घेणाऱ्याला लागतं, आय-४८५ ला नाही.

डायरीनोंद:
पाकिटात काय काय ते लिहून ठेवा: आय-१३०, आय-१३०ए (बायकोची माहिती), आय-४८५, आय-८६४ (नवऱ्याची आर्थिक हमी), आय-७६५ (कामाचा परवाना), आणि डॉक्टरनं बंद करून दिलेला आय-६९३ (वैद्यकीय तपासणी). हा शेवटचा डिसेंबर २०२४ पासून सुरुवातीलाच जोडावा लागतो, नंतर देतो म्हटलं तर अर्ज परत येऊ शकतो. टीबीसाठी रक्ताची आयजीआरए तपासणी होते, लहानपणच्या बीसीजीमुळं ती चुकीची पॉझिटिव्ह येत नाही, घाबरू नका.

एप्रिल २०२४ पासूनची कागदी अर्जाची फी: आय-१३० ला ६७५ डॉलर, आय-४८५ ला १,४४०, सोबतच्या आय-७६५ ला २६०. चेक आता घेत नाहीत, कार्ड किंवा थेट बँक खात्यातून. पाठवायच्या दिवशी आकडे साइटवर पुन्हा बघा. नवऱ्याचं उत्पन्न दोन माणसांच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं, २०२५ च्या हिशोबानं ते वर्षाला सुमारे २६,४३७ डॉलर होतं. कमी पडलं तर दुसरा जामीनदार चालतो, पण त्याला आधीच सांगा: घटस्फोट झाला तरी ही जबाबदारी सुटत नाही.

मंजुरीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्ड दोनच वर्षांचं मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे दोन वर्षांची अट काढायचा अर्ज.

वसमतकर:
पाकीट आत्ता टाकून घटस्फोट मागून जोडला तर? आणि मावशीचं ऑपरेशन?

गोदाकाठ:
नाही. अर्ज टाकण्याच्या दिवशी लग्न वैध असावं लागतं, मागून आलेला हुकूमनामा जुन्या लग्नाला जिवंत करत नाही.

ऑपरेशनला दुसऱ्या कोणाला तरी मावशीजवळ बसवा. अर्ज गेल्यावर आय-१३१ भरून ॲडव्हान्स परोल (बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी) मागता येतो. तो हातात असताना केलेल्या प्रवासानं १० वर्षांची बंदी लागत नाही असा २०१२ चा निकाल आहे, पण परत आत घेणं अधिकाऱ्याच्या हातात. तो न घेता निघाली तर आय-४८५ सोडून दिला असं धरतात. सध्याच्या वातावरणात वकिलाला विचारल्याशिवाय तोही वापरू नका.

तोवर तुम्ही टी.सी.ची दुसरी प्रत काढून घ्या. उन्हाळ्याची सुट्टी लागली की हेडमास्तर जूनपर्यंत सापडत नाहीत.