निद्रिस्त, सुप्त की मृत? (नारकोंडम बेटावरून)

रानजाई: अंदमानवरचा एक लेख इंग्रजीतून मराठीत आणतेय. नारकोंडम बेटाबद्दल मी लिहिलं, ‘उद्रेकाची नोंद नसलेला निद्रिस्त ज्वालामुखी’. संपादकांनी त्याचं ‘कधीही उद्रेक न झालेला मृत ज्वालामुखी’ करून परत पाठवलंय. मला दोन्ही बदल खटकतायत. शाळेत आपण जागृत, निद्रिस्त आणि मृत असे तीनच शिकलो, मग ह्याला कशात घालायचं?

कातळकोरा: ‘कधीही उद्रेक न झालेला’ तर साफ चूक, कृपा करून छापू देऊ नका! भूगोल शिकवतो म्हणून कळकळीने सांगतोय. ते अख्खं बेट म्हणजे समुद्रातून ७१० मीटर वर आलेला डोंगर आहे, लाव्हा आणि राख थरावर थर साचून झालेला, उद्रेक झाले नसते तर बेटच नसतं. नोंद नाही म्हणजे कुणी बघून लिहून ठेवलेलं नाही, बस. आणि लिहिणार कोण, आजही पोलिसांची चौकी सोडली तर तिथे वस्ती नाही. त्याच रांगेतल्या बॅरन बेटाचा उद्रेक १७८७ मध्ये जहाजावरून दिसला म्हणून त्याची नोंद झाली, मग १९९१ ला तो परत जागा झाला. त्याआधीची दीडशेच्या आसपास शांत वर्षं बघून कुणी त्याला ‘मृत’ म्हटलं असतं तर?

तळटीप: मजकुराबद्दल सहमत, पण ‘निद्रिस्त’ला माझा विरोध आहे. संस्कृतात निद्रित आहे, सुप्त आहे, हे ‘स्त’ कुठून चिकटलं? सुप्त लिहा.

शेवंती: सुप्त म्हटलं की मला सुप्त गुण आठवतात, डोंगर नाही. निद्रिस्त मराठीत कधीचा रुळलाय, आता त्याच्याकडे संस्कृतचा दाखला कशाला मागायचा? आमची आजी रात्री चुलीतल्या निखाऱ्यांवर राख ओढून ठेवायची. पहाटे राख सारली की आत लालबुंद इंगळ, त्यावर पातेरा टाकून फुंकणीने दोनदा फुंकलं की भडका. ‘इस्तव निजलाय, इझला नाय’ असं म्हणायची. निजलेला आणि विझलेला, ह्याहून नेमके शब्द कुठले हवेत?

कातळकोरा: विझलेला आवडला. ‘मृत’पेक्षा बराच बरा. पण परीक्षेत मुलांनी लिहिला तर मार्क कापतील हो.

तळटीप: मुळात ‘ज्वालामुखी’ तरी कुठे बरोबर आहे? कांगड्याच्या ज्वालामुखी देवळात खडकातून गॅस येऊन ज्योती जळतात, तिथे ज्वालामुखी पर्वत नाहीच. माझ्या मते शब्द तिथून उचलला आणि डोंगराला लावला. नारकोंडमचंही तसंच. नाव ‘नरककुंडम्’ वरून आलं म्हणतात, आणि नरकाचं कुंड शोभतं ते धगधगत्या बॅरनला. बॅरन म्हणजे ओसाड, आणि नारकोंडम तर गच्च जंगलाने भरलेलं. खलाशांनी नावांची अदलाबदल केली असणार.

रानजाई: हे लेखात घालायला हवं! माझ्या लेखात तिथल्या हॉर्नबिल पक्ष्यावर मोठा भाग आहे, जगात फक्त ह्याच बेटावर सापडतो तो. त्याला ‘नारकोंडम धनेश’ लिहिलंय.

शेवंती: धनेश पुस्तकी झालं. आमच्याकडे चिपळूणला ककणेर म्हणतात.

तळटीप: ककणेर तुमचा कोकणातला पक्षी, त्याचं नाव अंदमानच्या पक्ष्याला कसं द्याल? धनेशच बरोबर.

शेवंती: का नाही देता येणार? कुळ एकच, चोच तशीच, मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते तेही तसंच. उंबराला फळं धरली की आमच्या परसात येतात, उडताना पंखांचा आवाज घरात ऐकू येतो.

रानजाई: अहो, पण निद्रिस्त ठेवू की सुप्त? उद्या सकाळी मजकूर द्यायचाय.

तळटीप: सुप्त.

शेवंती: निजलेला लिहून बघ गं एकदा, मोठ्याने वाच.